लांबून वाचता येईल अशी पाटी

"अक्षर ठसठशीत काढा, मामा. मोबाईलवर नीट वाचता आलं पाहिजे," म्हणत विमा एजंटाने कोरी पाटी पेंटरमामांच्या पुढ्यात आपटली. "लिहा, 'माझ्यावर विश्वास ठेवू नका'."

"दुकानावर लावणार?"

"छे हो! हिच्या गळ्यात." त्याने दाराशी उभ्या असलेल्या लेकीकडे बोट केलं. "शिकवणीला जाते सांगून मैत्रिणीकडे पत्ते कुटत होती. व्हिडिओच टाकतो. नापास झाली तेव्हाचा हजारो लोकांनी बघितला. म्हणाले, बाप असावा तर असा!"

मुलगी स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

पेंटरमामांच्या अक्षराचं काय सांगावं! त्यांनी फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' लिहिलं, की मालक खुशाल कुत्रा विकून टाकत; चोर अक्षरांनाच घाबरत. बोलण्यात मात्र मामा कच्चे. 'नाही' अगदी जिभेवर आलं होतं. पण चार दुकानं सोडून छपाईवाला होता, त्याने हे काम हसत हसत उरकून दिलं असतं. मामांनी ब्रश बुडवला. इतकं सावकाश त्यांनी जन्मात काही रंगवलं नव्हतं.

"झालं ना? द्या."

"असं कसं? लांबून वाचून बघितल्याशिवाय माझ्याकडची पाटी हलत नाही. आणि धरायची गिऱ्हाइकानंच. दवाखान्याची पाटी डॉक्टरीणबाईंनी धरली होती, विचारा हवं तर. जा, रस्त्यापलीकडे उभे राहा. कडांना धरा, रंग ओला आहे."

कुरकुरत एजंट पलीकडे गेला आणि पाटी छातीशी धरून उभा राहिला.

"जरा वर घ्या!" मामांनी डोळे बारीक केले. "अजून थोडी!"

मामांच्या शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवलं. "अहो साहेब, हे आधी तरी सांगायचं! मी पॉलिसी काढून बसलो की!"

सगळा रस्ता खदखदला. कॉलेजातल्या एकाने मोबाईल वर केला. "साहेब, जरा हसा!"

"ए, बंद कर ते! अरे, ही पाटी माझी नाही... ऐकून तरी घे!" एजंटाने तीच पाटी तोंडापुढे धरली.

मामा मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. तेवढ्यात मुलगी धावत रस्ता ओलांडून गेली आणि त्या मोबाईलसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"माझ्या बाबांचं शूटिंग नाही करायचं."

हसू विरलं. पोराने मुकाट्याने मोबाईल खिशात टाकला. मामांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आपली हुशारी त्यांना एकदम पोरकट वाटली.

एजंट परत आला. पाटी टेबलावर ठेवून त्याने नुसता हात पुढे केला. मामांनी टर्पेंटाइनचं फडकं दिलं.

"तो जुना व्हिडिओही काढतो," तो कुणाकडेच न बघता म्हणाला.

ओला रंग पुसायला काही फार जोर लागत नाही. तरी त्याला बराच वेळ लागला. पाटी सरकत होती, म्हणून मुलीने दुसरी कड धरली. मामा त्यांच्याकडे पाठ करून ब्रश धूत राहिले. ब्रश केव्हाच स्वच्छ झाले होते.