हवालदारबुवा देवाला विचारत नाहीत

पोलादपूरहून कशेडीकडे जाताना वर डोंगरात जी वाडी लागते, तिथे संध्याकाळी सात वाजता गोमाजींच्या घरी गेलात तर कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही. सातला 'हवालदारबुवा' लागते. निवृत्त हवालदार कीर्तनकार होतो आणि गावोगावच्या चोऱ्यामाऱ्या उलगडतो, अशी ती मालिका. गोमाजी वाडीच्या देवीचे पुजारी, सत्तरी ओलांडलेले, पण तेवढा अर्धा तास टीव्हीसमोर मांडी ठोकून बसायचे.

नात सेजल शिमग्याला मुंबईहून आली होती. तिला दहा मिनिटांत चोर कळायचा.

"आजोबा, दूधवाला. लिहून घ्या."

"गप गो. चोर मला पन कळतो. मी बुवांना बघतो."

खरंच होतं ते. मालिका तशी बाळबोध, चोराची चप्पल दर वेळी चिखलात रुतलेली सापडायची. पण बुवांचं एक गोमाजींना फार भावायचं. एवढा भाविक माणूस, पण चोर कोण हे देवाला कधी विचारायचा नाही. हात जोडून 'मला नीट बघू दे' एवढंच मागायचा आणि मग घरोघर चौकशी करत हिंडायचा. असली भक्ती गोमाजींनी आयुष्यात पाहिली नव्हती. ती बघताना त्यांना बरंही वाटायचं आणि कुठेतरी टोचायचंही.

त्या संध्याकाळी मालिकेतल्या गावकऱ्यांनी एका गड्याला देवळात उभं केलं. म्हणाले, बुवा, देवालाच विचारा. बुवा म्हणाले, "देवावर माझा विश्वास आहे. पण देवाचं उत्तर सांगणार माणूसच, आणि माणसाचा हात मी ओळखून आहे."

गोमाजी उठले.

"अहो, चोर कोण ते तर बघा!" सेजल ओरडली.

ते पायरी उतरूनही गेले होते.

सात वर्षांपूर्वी शिमग्यात पालखीवरची चांदीची छत्री नाहीशी झाली होती. गावाने देवीला कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सहदेवचं नाव घेतलं आणि उजवी पडली. तेव्हापासून पालखी साऱ्या वाडीत फिरते, सहदेवच्या दारात थांबत नाही. त्याची बायको तुळसा तरीही दर वर्षी अंगण सारवून ठेवते. पालखी परवा निघायची होती.

पाकळ्या चिकटवल्या होत्या गोमाजींनी. सहदेव त्या दिवशी प्यायलेला होता, छत्री त्यानेच घेतली असणार याची त्यांना खात्री होती. म्हणून उजवी पाकळी त्यांनी जेमतेम ओली केली, म्हणजे ती आधी सुटेल. आपण देवीला हातभार लावतोय, असंच त्यांना वाटलं होतं. छत्री आजतागायत सापडली नाही.

सहदेव ओटीवर दोरी वळत होता. गोमाजी उभ्या उभ्याच सगळं बोलले. "उद्या देवळात साऱ्यांम्होरं सांगतो. माजं पुजारपण गेलं तरी चालंल. तू मला काय बोलायचं ते बोल."

सहदेवने दोरी बाजूला ठेवली. शिवी येईल म्हणून गोमाजी मान खाली घालून थांबले.

"मी सारं घर खणलं, काका," तो म्हणाला. "गोठा, परसू, चुलीखाली पन. देवी खोटं कशी बोलंल? पिऊन मीच कुटंतरी पुरली आसंल, असं धरून चाललो. तवापासून दारू सोडली. पोराला पन सांगितलं, तुजा बाप चोर हाय."

गोमाजी त्याच्या शेजारी ओटीवर बसले. सात वर्षं त्यांनी या माणसाला कोडगा समजून तोंड फिरवलं होतं.

सहदेवने हळूच विचारलं, "म्हंजे देवी माज्यावर रागावली नव्हती?"

"नाय रे पोरा," गोमाजी म्हणाले. "तिला कुनी इचारलंच नव्हतं."