एज्राकाकांचा टॉर्क पाना

या बाबांनो, पुढं सरका. मागं बसलात तर अर्धी गोष्ट पंखाच उडवून नेईल. आज एका भल्या माणसाच्या रागाची गोष्ट सांगणार आहे. भल्या माणसाचा राग फार वाईट, कारण त्याला वाटतं देव आपल्याच बाजूनं उभा आहे.

जॉर्जियात मेकन गावाबाहेर रॉस्को टिलरीचं इंजिन बांधायचं दुकान होतं. वय एकसष्ट. रविवारी चर्चमध्ये तो डीकन, म्हणजे पास्टरच्या हाताखालचा मानकरी. पास्टरचं प्रवचन बोलता बोलता सुरावर चढलं, ऑर्गन त्याच्या मागं धावू लागला, की पहिल्या बाकावरून "सांगा, पास्टर, सांगा" म्हणून साथ देणारा गळा रॉस्कोचाच. इंजिनाचे बोल्ट आवळतानाही तो आदल्या रविवारचं प्रवचन गुणगुणायचा. पण जुलैतल्या त्या शुक्रवारी त्याच्या ओठांवर देवाचं नाव नव्हतं. नुसता धूर निघत होता.

झालं होतं असं. त्याचे गुरू एज्राकाका वारले, तेव्हा त्यांची लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी मुलीकडे आली. ओडेसा तिचं नाव, पेशानं दातांची डॉक्टर, आणि हौस शर्यतीची. ती रॉस्कोकडे आली नि म्हणाली, काका, बाबांच्या गाडीला कुणी मागं टाकता कामा नये. रॉस्को तीन महिने त्या इंजिनाला चिकटून बसला. सिलिंडर रुंद केले, नवे पिस्टन घातले, झडपा जास्त उघडणारा तिखट कॅम बसवला, दोन्ही हेडं, म्हणजे सिलिंडरांवरची झाकणं, फेस करून, मशीनवर सपाट कापून पातळ केली म्हणजे आतला दाब वाढावा. मागल्या शनिवारी शर्यत झाली. चौथ्या फेरीत गाडीच्या नाकातून पांढरी वाफ निघाली. हेडखालची फट बुजवणारं गॅस्केट फुटून इंजिन थंड ठेवणारं पाणी सिलिंडरात शिरलं होतं. सगळ्या गावादेखत लोकांनी एज्राकाकांची गाडी ढकलत बाहेर काढली. ओडेसा एक शब्द लागेलसा बोलली नाही, आणि तेच रॉस्कोला जास्त लागलं.

गॅस्केट फुटलं म्हणजे हेड सरळ नाही. आणि हेड फेस केलं होतं कुणी? एमसनं.

एमस हा रॉस्कोचा धाकटा भाऊ. एज्राकाकांच्या हाताखाली दोघं एकत्र शिकले आणि पुढं बावीस वर्षं एकाच दुकानात राबले. गेल्या नोव्हेंबरात एमस म्हणाला, आपण कॉम्प्युटरवर चालणारं मशीन घेऊ. रॉस्को म्हणाला, बटणं दाबायची असतील तर लिफ्टमनची नोकरी धर. शब्दानं शब्द वाढला आणि एमस निघून गेला, तो गार्लंड स्टोक्सच्या लेथ कारखान्यात लागला. जवळपास फेसिंगचं मशीन तेवढं एकच, म्हणून रॉस्कोनं हेडं तिथंच धाडली, पण स्वतः न जाता दुसऱ्याच्या हाती. आठ महिन्यांत भावाशी तो एक अक्षर बोलला नव्हता.

आता मात्र तो सगळ्यांशी बोलला. सोमवारी त्यानं गार्लंडला फोन केला. गार्लंड म्हणाला, शुक्रवारी हेड घेऊन या, वाकडं निघालं तर एमसला त्याच संध्याकाळी घरी पाठवतो. बुधवारी प्रार्थनासभेत रॉस्को उभा राहिला आणि भरल्या गळ्यानं म्हणाला, माझ्या भावाच्या निष्काळजी हातांसाठी प्रार्थना करा. लोकांनी केलीही. प्रार्थनेच्या वेष्टनात शिवी गुंडाळून देता येते, हे त्या दिवशी गावाला कळलं.

शुक्रवारी त्यानं हेड गार्लंडच्या टेबलावर आदळलं. कारखान्यातली सहाही मशीनं थांबली. एमस हात पुसत आला. त्यानं हेडवर सरळपट्टी आडवी ठेवली, खालून केसाएवढी पातळ पत्ती सरकवून पाहिली. जाईना. पट्टी उभी ठेवली, तिरकी ठेवली. कुठंच जाईना, म्हणजे फट कुठंच नव्हती.

"दे इकडं," म्हणून रॉस्कोनं पत्ती हिसकावली. स्वतः सहा ठिकाणी घालून पाहिली. सातव्यांदा घालायला गेला तेव्हा एमस म्हणाला, "डोळे आणलेस ना, डीकनसाहेब? की तेही बुधवारी दानपेटीत टाकून आलास?"

कुणीतरी हसलं. रॉस्कोचे कान तापले. मग गॅस्केटच भिकार असेल, हल्लीचा मालच तसला, असं तो बरळू लागला. एमसनं त्याला बोलू दिलं. मग विचारलं, "बोल्ट कशानं आवळलेस?"

"काकांच्या टॉर्क पान्यानं. काकांची गाडी, काकांचा पाना."

"होता कुठं तो?"

"ड्रॉवरमध्ये."

"कधीपासून?"

रॉस्को बोटांवर महिने मोजू लागला. एमसनं भिंतीवरचा कारखान्याचा पाना उचलला, गार्लंडला खूण केली, आणि तिघं एकाच ट्रकमधून रॉस्कोच्या दुकानी आले.

इंजिनाचं दुसरं हेड अजून जागेवरच होतं. तेही रॉस्कोनं काकांच्याच पान्यानं, आकडा सत्तरला लावून आवळलं होतं. टॉर्क पाना ठरल्या जोरावर टक् करतो. बोल्ट नीट आवळलेला असेल तर जागचा हलत नाही, नुसतं टक् होतं. एमसनं आपला पाना सत्तरला लावला आणि जोर दिला.

बोल्ट फिरला.

दुसरा फिरला. तिसरा तर चांगला बोटभर फिरला. दहाच्या दहा बोल्ट फिरले, आणि प्रत्येकाबरोबर रॉस्कोची मान एकेक अंगुळ खाली गेली. काकांचा पाना कारखान्याच्या पान्याशी ताडून पाहिला, तर सत्तरला लावलेला तो पंचावन्नालाच टक् करत होता.

टॉर्क पान्याच्या पोटात स्प्रिंग असते. काम संपलं की मूठ उलटी फिरवून पाना तळाच्या आकड्यावर आणायचा, नाहीतर स्प्रिंग दाबलेली राहते आणि दमते. एज्राकाका हे रोज म्हणायचे. झोपायला जाणाऱ्याच्या छातीवर धोंडा ठेवू नये, म्हणायचे. नोव्हेंबरातल्या त्या भांडणादिवशी रॉस्को एका ट्रकचं हेड आवळत होता. एमस दार आपटून गेला, आणि यानं पाना तसाच ताणलेला ड्रॉवरमध्ये फेकून ड्रॉवर लाथेनं बंद केला. पुढं नव्या पान्यावर भागवलं. मग ओडेसाच्या इंजिनासाठी ड्रॉवर उघडला, तर पाना आधीच सत्तरला लागलेला. रॉस्कोचे डोळे भरून आले होते. आपणच तो तसा फेकला होता हे विसरून, काकांनीच वरून लावून ठेवलाय, असं म्हणून त्यानं वर पाहून आभार मानले होते. पाना तपासायची बुद्धी मात्र झाली नाही.

"हेड सरळ आहे," तो गार्लंडला म्हणाला. "चूक माझी."

गार्लंडनं टोपी सारखी केली आणि बाहेर जाऊन ट्रकपाशी उभा राहिला. एमसचा आवाज तेव्हा कुठं चढला.

"आठ महिने मी तुझ्या फोनची वाट पाहिली, दादा. आणि तू केलास तो माझ्या मालकाला. माझ्या हातांसाठी प्रार्थना? या हातांसाठी?" त्यानं दोन्ही पंजे रॉस्कोच्या तोंडासमोर धरले. "आता मला काही सांगू नकोस. ओडेसाला सांग. आणि जिथं माझं नाव घेतलंस ना, तिथंच उभा राहून सांग."

रविवारी प्रवचन सुरावर चढायच्या आत रॉस्को उभा राहिला. पाना हातात घेऊनच आला होता. त्यानं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, काकांनी वरून पाना लावून ठेवल्याचं वाटलं होतं तेही. साथ द्यायला त्या दिवशी कुणी नव्हतं. बऱ्याच वेळानं ओडेसाच मागून म्हणाली, "सांगा, काका, सांगा." एमस शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसला होता. त्याचा चेहरा सैल झाला नाही.

सोमवारी तो आपणहून आला, नवी स्प्रिंग घेऊन. "मी चिडलेलोच आहे, गैरसमज नको," एवढं दारातच बजावून त्यानं बाह्या वर केल्या. पान्यात स्प्रिंग घातली, ताडून पाहिला, आणि दोघांनी मिळून हेडं चढवली, मधल्या बोल्टापासून कडेला, तीन फेऱ्यांत. संध्याकाळी रॉस्कोनं पान्याची मूठ उलटी फिरवत पार तळाला आणली, आणि एमसला दिसेल असा तो ड्रॉवरमध्ये ठेवला.

आता उठा, घरी जा. पण आज दिवा मालवताना त्या एज्राकाकांची आठवण काढा, बाबांनो. चाळीस वर्षं त्यांनी रोज तेवढी एक मूठ न चुकता उलटी फिरवली.