नंबर लागला

मी सोडतीचा पिंजरा बोलतोय. तारेचा, गोल, बाजूला दांडा. दांडा फिरवला की पोटातल्या लाकडी गोट्या खडखडतात आणि एक खाली पडते. माझा जन्म खरं तर बिंगोसाठी झाला. अमेरिकेतल्या डेटन शहरातल्या एका चर्चच्या तळघरात म्हाताऱ्या बायका माझ्याभोवती बसायच्या. जिंकल्या तर हॅमचा तुकडा घरी न्यायच्या, हरल्या तर माझ्या नावानं बोटं मोडायच्या. कुणाचं वाटोळं मात्र होत नव्हतं.

मग चर्चनं मला टॅलमन अकादमीला देऊन टाकलं. ही चार्टर शाळा. पैसा सरकारी, कारभार खासगी, आणि मुलं शिकली नाहीत तर परवाना काढून घ्यायचा, असा करार. जागा थोड्या, अर्ज ढीगभर. म्हणून दर वसंतात जिममध्ये मला टेबलावर बसवून सोडत काढू लागले.

एका वर्षी वर्नेल प्रुइट आली. हॉस्पिटलच्या लाँड्रीतून थेट, कामाच्याच कपड्यांत. हाताला धरलेली तिची लेक जोरी. शेजारी मैत्रीण बर्निस, तिच्या मुलाला, टेरेलला घेऊन. मुख्याध्यापक हॅवर्टींनी दांडा फिरवला आणि जोरीच्या नंबराची गोटी पडली. वर्नेल मटकन खाली बसून रडायला लागली.

"नंबर लागला गं पोरीचा," ती म्हणत राहिली.

"नशीब काढलंस बाई," बर्निस म्हणाली. "आमचं ध्यान जाईल आपलं जुन्याच शाळेत."

त्या दिवशी मी काय फुशारलो होतो! आता ते आठवलं की तोंड कुठं लपवू असं होतं.

एरवी माझा मुक्काम ऑफिसातल्या कपाटावर. तिथून सगळं दिसायचं. शिक्षक यायचे, नाताळपर्यंत टिकायचे, निघून जायचे. गणिताला बदली माणूस. तो पोरांना संगणकापुढे बसवून स्वतः फोन बघत बसे. प्रगतिपुस्तकं मात्र झकास. जोरीला वाचनात कायम 'ए'. वर्नेल ऑफिसात येऊन कारकून बाईंना कौतुकानं सांगायची, "फ्रिजवर लावलंय हो." मी वरून ऐकायचो.

जोरी सहावीत असताना परवान्याची मुदत संपली. राज्याच्या परीक्षेत शाळेनं दिवे लावले होते, त्यामुळे परवाना देणाऱ्या मंडळापुढे सुनावणी झाली. हॅवर्टींनी मला काखोटीला मारून नेलं आणि टेबलावर ठेवलं.

"परीक्षेचं घटकाभर बाजूला ठेवा. हा पिंजरा बघा," ते म्हणाले. "दरवर्षी आईबापांची झुंबड उडते. वाईट शाळेसाठी कुणी रांग लावतं का?"

मंडळींनी माना डोलावल्या. तेवढ्यात वर्नेल उठली.

"साहेब, त्या रांगेत मी पण होते. आत काय चाललंय ते आम्हाला कुठं ठाऊक होतं? मागच्या रविवारी चर्चमध्ये पोरीला उतारा वाचायला दिला. पहिल्याच ओळीत अडकली. मग बर्निसचा टेरेल उठला, त्यानं वाचून पुरा केला. घरी येऊन विचारते, आई, मी ढ आहे का? ती ढ नाहीये, साहेब. तिला कुणी शिकवलंच नाही."

"तुमच्या भावना पोचल्या, मॅडम," अध्यक्ष म्हणाले.

शाळेला आणखी मुदत मिळाली. मागणी भरपूर आहे, हे कारण. म्हणजे माझाच खडखडाट पुरावा ठरला. शिकवायचं टाळलं माणसांनी, पण त्यांची लाज झाकायला कामी आलो तो मी.

वर्नेलनं जोरीचं नाव शाळेतून काढून घेतलं. आता ती टेरेलच्या शाळेत जाते आणि त्याच्या धाकट्या भावाची पुस्तकं वाचायला शिकते.

आयांनो, माझ्याकडे डोळे लावून बसू नका. शाळेतल्या एखाद्या पोराच्या हातात पुस्तक द्या आणि वाचून दाखव म्हणा. मगच अर्ज भरा. पण माझं कोण ऐकतं?

काल पुन्हा सोडत झाली. सहावीत एकच जागा रिकामी होती आणि माझं पोट गोट्यांनी गच्च भरलं होतं. हॅवर्टींनी दांडा फिरवला. मागच्या रांगेतल्या एका बाईनं मुलाला छातीशी धरलं आणि रडत म्हणाली, "नंबर लागला रे राजा."

जोरीची जागा त्याला मिळाली.