खासदार स्प्राउल आले होते

डेन्टन स्प्राउल यांना आमच्या मतदारसंघाने तीनदा निवडून दिलं, पण त्यांना समोरासमोर पाहिलेला माणूस मिलर्ड गावात शोधूनही सापडत नव्हता. पोस्टरवर ते दिसत. पोस्टरवर त्यांच्या डोक्यावर गुराख्याची मोठी टोपी असे, त्यामुळे टोपी सगळ्यांच्या ओळखीची होती. टोपीखालचा माणूस वॉशिंग्टनला असे.

कॅन्ससच्या आमच्या भागात हत्तीवालेच निवडून येतात. हत्ती हे त्यांच्या पक्षाचं चिन्ह. आमचं गाढव. इथे गाढववाला म्हणून जन्म काढणं म्हणजे काय, ते चिन्हातच आलं. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि आयुष्यभर तोंड मिटून मतदान केलं. मागच्या निवडणुकीत काय शहाणपण सुचलं कोण जाणे, अंगणात आमच्या उमेदवाराची एक छोटी पाटी लावली. शेजारच्या व्हर्लिन स्टकीने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. त्याच्या अंगणात हत्तीवाल्यांच्या पाट्यांचं रानच होतं. मी काही अबोला धरला नाही. पण मी मुळातच इतका कमी बोलतो, की हे त्याच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

त्या हिवाळ्यात सरकारने ते मोठं विधेयक आणलं. वॉशिंग्टनमध्ये सगळंच हत्तीवाल्यांच्या हातात, तेव्हा ते मंजूर होणार हे ठरल्यासारखंच होतं. त्यात गरिबांच्या औषधपाण्याची सरकारी मदत छाटली होती. ती गेली की डायलिसिसचा विभाग चालवता येणार नाही, असं आमच्या छोट्या रुग्णालयाने जाहीर केलं. व्हर्लिनची बायको नेडीन आठवड्यातून तीनदा त्या विभागात यंत्राला जोडलेली असायची. त्यानंतरचं जवळचं केंद्र थेट दूरच्या विचिटा शहरात, आणि बर्फ पडलं की विचिटाचा रस्ता बंद.

मर्ना ओस्टबर्ग नावाची निवृत्त नर्स आहे आमच्याकडे. गावातलं कुठलंही भांडण तिच्यावाचून पुरं होत नाही. तिने माजी सैनिकांच्या हॉलमध्ये सभा बोलावली आणि खासदारांना आमंत्रण धाडलं. साहेब कामात आहेत, असं उत्तर आलं.

"येवो न येवो, खुर्ची मांडायची," मर्ना म्हणाली. हल्ली ही रीतच पडली आहे. खासदार येत नाहीत, लोक रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारतात आणि घरी जातात. मर्नाने दारावर पाटी लावली: 'खासदार आलेले नाहीत. खुर्ची आलेली आहे.'

हॉल भरला. लोकांनी चिली, म्हणजे आमचं खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे गोड सिनॅमन रोल खाल्ले, मग एकेकाने उठून खुर्चीला प्रश्न विचारले. खुर्ची गप्प. थोड्या वेळाने लोक कंटाळले. मागून कोणी तरी म्हणालं, "एक बरंय, खुर्ची खोटं बोलत नाही." सगळे हसले, पण सभा थंड पडत चालली होती. मर्नाची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मी लगेच चिलीच्या वाटीत पाहू लागलो.

"ऑरिन, ऊठ. तू बस खुर्चीत."

"मी?"

"टाय घालून आलेला तूच आहेस. आणि त्याची ती दर आठवड्याची ईमेलं शेवटपर्यंत वाचणारा अख्ख्या जिल्ह्यात तू एकटाच."

हे खरं होतं. काहीही लिहिलेलं दिसलं की ते शेवटपर्यंत वाचायची मला खोड आहे.

"मर्ना, मला चार माणसांत बोलता येत नाही गं."

"तुला बोलायला कोण सांगतंय? त्याच्यासारखं बोल. त्यात काही सांगायचंच नसतं."

मी बसलो. कोणी तरी माझ्या डोक्यावर गुराख्याची टोपी ठेवली. ती मोठी होती, नाकापर्यंत आली. आणि नवल म्हणजे, टोपीखाली माझी भीती कुठे गेली कोण जाणे.

पोस्टात कामाला असलेल्या शाई शिमग या बाईने तक्रार केली, की औषधांची पाकिटं आठ-आठ दिवस येत नाहीत.

"हा महत्त्वाचा विषय माझ्या निदर्शनास आणून दिल्याबद्दल मी आपला आभारी आहे," मी म्हणालो. "कॅन्ससच्या कष्टाळू कुटुंबांसाठी मी रोज लढतो आहे."

"कोणाशी?" मागून एकाने विचारलं.

"मागच्या सरकारशी."

"ते जाऊन वर्ष झालं की!"

"म्हणून तर लढाई अवघड आहे."

हॉल खदखदून हसला. हत्तीवालेसुद्धा हसत होते. पण मी जितकं हुबेहूब बोलू लागलो, तितके काही लोक खरोखरच चिडू लागले. एक सिनॅमन रोल माझ्या कानाजवळून गेला. फेकणारी बाई चर्चमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर बसते.

मग व्हर्लिन उभा राहिला. डोक्यावरची हत्तीवाल्यांची लाल टोपी काढून त्याने हातात घेतली.

"साहेब," तो म्हणाला.

मला ऑरिन म्हणाला नाही.

"मी तुम्हाला तीनदा मत दिलंय. पुढेही देईन, कारण त्या गाढवांना द्यायला माझा हात उठायचा नाही. पण तुमच्या या विधेयकाने माझ्या नेडीनचं यंत्र जातंय. मला भांडायचं नाही. एवढंच विचारतो, तुम्हाला हे ठाऊक आहे का?"

याचंही उत्तर ईमेलांत होतं. मला ते पाठ होतं. ते तोंडातून निघेना.

"ठाऊक नव्हतं," मी म्हणालो. "आता कळलं. डायलिसिस वाचल्याशिवाय त्या विधेयकाला माझं मत नाही."

"शब्द?"

"शब्द."

व्हर्लिनने मान डोलावली आणि खाली बसला. टाळी वाजली नाही. जे माझं नव्हतंच ते मी त्याला देऊन बसलो होतो. घरी गेल्यावर बराच वेळ मी पुस्तकाचं एकच पान उघडून बसलो.

आता झालं असं, की विभागीय रेडिओचा एक बातमीदार उशिरा, बाजूच्या दाराने आत आला होता. पाटी समोरच्या दारावर होती. त्या बिचाऱ्याच्या वाट्याला अकरा जिल्हे. त्याने टोपी पाहिली, शेवटचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि शाळेच्या बास्केटबॉल सामन्याला पळाला. सकाळच्या बातम्यांत माझाच आवाज आला: डायलिसिस वाचल्याशिवाय त्या विधेयकाला माझं मत नाही. "मिलर्डमधील सभेत खासदार डेन्टन स्प्राउल," निवेदिका म्हणाली.

मी कोट अंगात घालून तसाच मर्नाकडे धावलो. पोहोचतो तर तिच्या टेबलावर फोन मोठ्याने बोलत होता. खासदारांच्या कचेरीतला कोणी तरुण होता.

"मॅडम, ही सरळसरळ तोतयेगिरी आहे! ताबडतोब खुलासा करा."

"काय खुलासा करू, बाळ?"

"की सभेत साहेब नव्हते."

"आम्ही दारावरच लिहिलं होतं. आता तुम्ही सांगा ना जगाला. म्हणावं, साहेब मिलर्डला आले नव्हते. मागच्या वर्षीही आले नव्हते. आणि हेही सांगा, की डायलिसिस वाचवायचा त्यांचा मुळीच विचार नाही."



"मी वरिष्ठांशी बोलतो," तो म्हणाला.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली होती. तरी मला चैन पडेना. मर्नाला म्हटलं, मी स्वतः रेडिओला कळवतो. ती म्हणाली, "नेडीनला आधी कळव."

दुपारी माझ्या घराच्या दारावर थाप पडली. व्हर्लिन. अंगणातल्या त्या पाटीनंतर पहिल्यांदाच.

"डोना कॅफेतून येतोय," तो म्हणाला. "आमच्या सगळ्या लोकांना सांगून आलो, की कचेरीत फोन करा आणि साहेबांचे आभार माना. फोनपाशी केवढी रांग लागली होती! बड हॉफ तर दोनदा बोलला."

"अरे, पण खुर्चीत मी होतो हे सांगितलंस का त्यांना?"

"ते कुठे सभेला आले होते? त्यांनी रेडिओवर ऐकलं."

"व्हर्लिन, हे खोटं आहे."

"आभार मानणं कधीपासून खोटं झालं?" तो म्हणाला. "तुम्हा गाढववाल्यांना कशाचंच कौतुक नाही."

फोन तीन-चार दिवस चालले. विरोधकांच्या शिव्या खायची त्या कचेरीला सवय होती. आपल्याच माणसांच्या आभारांवर त्यांच्याकडे औषध नव्हतं. शेवटी निवेदन निघालं: खासदार स्प्राउल ग्रामीण रुग्णालयांच्या पाठीशी नेहमीच उभे राहिले आहेत. नंतर विधेयकात कुठेतरी एक कलम घुसलं, की लहान रुग्णालयांच्या डायलिसिसला अमुक वर्षं धक्का लागणार नाही. बाकी सगळी छाटणी तशीच राहिली, आणि स्प्राउलनी विधेयकाच्या बाजूने मत दिलं. मर्नाने त्या रात्री मला फोन करून तासभर शिव्या दिल्या. मला नव्हे, पण ऐकायला मीच होतो.

उन्हाळ्यात साहेब खरोखर आले. पोस्टरपेक्षा बरेच बुटके निघाले. रुग्णालयाच्या अंगणात फोटो काढून झाल्यावर ते माइकपाशी गेले.

"याच गावात, तुमच्या डोळ्यांत डोळे घालून मी शब्द दिला होता," ते म्हणाले, "की डायलिसिस वाचल्याशिवाय त्या विधेयकाला माझं मत नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझे हातही वाजू लागले होते. मर्नाने चिमटा काढला तेव्हा थांबले.

आत नेडीनचं डायलिसिस संपायला अजून वेळ होता. व्हर्लिन आणि मी भिंतीच्या सावलीत उभे राहिलो. मी खूप धीर गोळा करून विचारलं, "काय रे, पुढच्या निवडणुकीत मत कोणाला?"

"हा काय प्रश्न झाला? त्यांनाच," व्हर्लिन म्हणाला. "अरे, दिलेला शब्द पाळणारा माणूस हल्ली मिळतो कुठे?"

मी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. थट्टेचा मागमूस नव्हता.