शेख मुबखित ओलीस बसतो

पलीकडच्या शत्रू जमातीतला हिजाम आपल्या भावाचं प्रेत न्यायला आला होता, तो शेख मुबखितच्या शब्दावर. शब्द सगळ्यांना दिसावा म्हणून शेखने स्वतःचा जंबिया काढून त्याच्या कमरेला बांधला होता. मारिबच्या त्या मुलखात एवढं पुरे असतं. गेल्या महिन्यातल्या लढाईत दोन्ही जमातींचे मिळून बारा जण मधल्या रेताडात पडले होते. ज्याचं प्रेत त्याच्या घरी जावं म्हणून शेखने दोन्हीकडचे उंबरठे झिजवले होते.

तरी चौकीवर हिजामला धरलं. धरणारा कोणी परका असता तर शेखला एवढं लागलं नसतं. तो त्याचाच पुतण्या होता, मुसाइद. हल्ली त्याला सगळे कमांडर म्हणत.

सकाळीच शेख चौकीवर जाऊन धडकला. मुसाइदने उठून त्याच्या कपाळाला ओठ टेकवले, कॉफी ओतली. शेखने पेला जमिनीवर ठेवला. मागणं मान्य झाल्याशिवाय पाहुणा कॉफीला तोंड लावत नाही, हे मुसाइदला कोणी शिकवायला नको होतं.

"प्या काका, गार होतेय."

"होऊ दे. हिजाम कुठंय?"

"आत आहे, मजेत जेवतोय. त्याच्या बदल्यात त्यांनी धरलेली आपली चार पोरं सुटतील. वाईट काय झालं यात?"

"माझ्या शब्दावर आलेला माणूस धरलास आणि वर मलाच विचारतोस?"

मुसाइदने गादीखालून जंबिया काढून दोन्ही हातांनी पुढे केला. "हा घ्या. इज्जतीने परत देतोय. लढाई आहे काका, लग्नातला रुसवाफुगवा नाही."

शेखच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ज्याच्या कमरेचा सोडलास त्याच्याच कमरेला बांध. तोवर मी मोकळ्या कमरेने फिरेन. कोणी विचारलं तर सांगेन, पुतण्याने नागवलं."

तो उठला आणि रेताडाच्या दिशेने चालू लागला.

"कुठं निघालात?"

"पलीकडे. त्यांचा माणूस माझ्यापायी अडकला, तर त्याची जागा मी भरायची. वाडवडिलांचा कायदा आहे हा, तुझ्या वायरलेसवरचा हुकूम नव्हे."

"अहो, मधे सुरुंग आहेत!"

"तूच पेरलेस ना? मग सांग कुठं कुठं आहेत."

मुसाइदने तोंड फिरवलं. चौकीतला एक म्हातारा शिपाई मात्र उठून उभा राहिला. "शेख, बाभळीच्या डाव्या अंगाने जा." मुसाइदने डोळे वटारले. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पलीकडे शेखवर सात-आठ बंदुका रोखल्या गेल्या. त्या बाजूला सारत हिजामची आई गालिया पुढे आली.

"एक लेक मेला, दुसरा तुझ्या घरच्यांनी कोंडला. आता काय न्यायला आलास रे?"

"न्यायला नाही आलो. मला ठेवून घे."

गालियाची नजर त्याच्या उघड्या कमरेवर गेली. एवढ्या मोठ्या माणसाला असं पाहून तिला राग धरवेना आणि सोडवेनाही. "वर गच्चीवर बस," ती म्हणाली. "तुझ्या माणसांना नीट दिसशील."

दुपारी गालियाच्या दिराच्या वायरलेसवर मुसाइदचा आवाज आला. "काका, तासाभरात तोफा सुरू होतील. वरून हुकूम आहे. गावाबाहेर निघा."

"मी गालियाच्या गच्चीवर आहे. पांढरा पटका दिसतोय ना? नेम धरायला बरा."

तास गेला, दुसराही गेला. शेख चौकीकडे बघत बसला होता. पोरगं लहानपणापासून हट्टी होतं, काय करील याचा नेम नव्हता. पण तोफ वाजली नाही. उन्हं कलताना हिजाम ट्रक घेऊन आला, कमरेला शेखचा जंबिया. मागे चादरीत गुंडाळलेला भाऊ होता. गालियाने जित्याला आधी कवटाळलं, मग मेल्याजवळ जाऊन बसली.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली. "सुटलास शेख. जा घरी."

वायरलेस पुन्हा खरखरला. "झालं ना काका तुमच्या मनासारखं? या आता."

"अजून अकरा जण उन्हात पडलेत," शेख म्हणाला. "उद्यापासून त्यांची माणसं न्यायला येतील, इकडचीही आणि तिकडचीही. शेवटचा घरी पोचेपर्यंत मी या गच्चीवरून हलत नाही. सुरुंग काढायला घे मुसाइद. माणसं सरळ वाटेने येतील."