रेघेचं नाणं

देवबागात लवूच्या भिंगाची सगळेच थट्टा करायचे. मुंबईतली नोकरी संपवून लोक गावी येतात आणि कलमं लावतात, हा गृहस्थ चांदीची नाणी घेऊन ओसरीवर बसे. तीही जुनी नव्हेत. कुणाच्या शताब्दीला, कशाच्या सुवर्णमहोत्सवाला सरकारने काढलेली नवीकोरी. एकाच नाण्याच्या दोन प्रती मागवायच्या आणि त्यांतला फरक शोधत डोळे फोडून घ्यायचे. नाणी पाडता पाडता साच्याला तडा जातो आणि त्या तड्याची केसाएवढी रेघ पुढच्या प्रत्येक नाण्यावर उठून दिसते. साचा बदलला की रेघ गेली. हे तो भेटेल त्याला ऐकवी, आणि माणसं चुलीवर दूध आहे सांगून सटकत.

अशाच एका जोडीला त्याने भोकं पाडली. रेघेचं नाणं आपल्या चंदनच्या गळ्यात, बिनरेघेचं शेजारच्या अनुजाच्या ओंकारच्या. दोघं एका होडीवर जायचे म्हणून दोघांना सारखं. फरक ठाऊक एकट्या लवूला.

होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. बऱ्याच दिवसांनी समुद्राने एकच देह वाळूवर आणून टाकला. चेहरा उरला नव्हता. बांधा तर दोघांचा सारखाच. गळ्यात काळ्या दोऱ्यात नाणं होतं.

"काका, नमुने तपासायला पाठवू," हवालदार म्हणाला. "वेळ लागेल, पण खात्री होईल."

"नाणं द्या इकडे," लवू म्हणाला.

त्याने खिशातून भिंग काढलं. काठापासून सालाच्या आकड्यापर्यंत रेघ स्पष्ट होती.

"ही चंदनच्या नाण्यावरची रेघ. हा माझा मुलगा. तपासायची गरज नाही."

"नक्की?"

"यात मी चुकत नाही."

दवाखान्याच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या अनुजाने डोळे मिटून हात जोडले. तिचा ओंकार अजून सापडायचा होता, म्हणजे अजून कुठेतरी असू शकत होता. लवूला रडू यायला हवं होतं. ते आलं नाही. त्याने भिंग पुसून खिशात ठेवलं आणि सही कुठे करायची ते विचारलं.

अग्नी देऊन तो घरी आला. त्याची बायको यशोदा भिंतीकडे बघत बसली होती. रेघेने ओळखलं, असं त्याने तिला सांगितलं.

ती म्हणाली, "नारळी पुनवेक दोनय नाणी मी एकाच वाटयेत घातलंय. कोकमाच्या सोलांच्या पाण्यान घासलंय, देवासमोर ठेवलंय, नवो दोरो घालून दोघांच्या गळ्यात बांधलंय. खंयचा कोणाचा, तां काय मी बघूक नाय. माका दोनय सारखीच."

दर वर्षी ती हेच करायची. त्याच्यासमोरच करायची. रेघेवर तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाला तिला रेघ दाखवायचं मात्र कधी सुचलं नव्हतं.

लवू उठला आणि चपला घालू लागला.

"खंय जातास?"

"अनुजाक सांगूक."

"काय सांगतालास? तो तिचो म्हणान? की तुमका ठावक नाय म्हणान?" यशोदाचा आवाज चढला नाही. "जाळून इलास मां? आता एकीक तरी वाट बघूंदे."

तो चपलांवर पाय ठेवून उभा राहिला. देह चंदनचा असला तरी आणि नसला तरी, आत सगळं तितकंच बधिर होतं, आणि याचीच त्याला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी अनुजा त्यांच्यासाठी पेज घेऊन आली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारणीने आणायची. ताटली पुढे ठेवून ती थांबली.

"लवूभावजी, ती रेघ तुमी नीट बघितलास मां? तो माझो न्हय मां?"

यशोदा मान खाली घालून बसली होती.

"बघितलंय," लवू म्हणाला. "रेघ होती."

"मगे माझो येतलो," अनुजा म्हणाली आणि त्याच्या ताटलीत आणखी पेज वाढली. लवू ती सगळी जेवला.