माझी कुरकुर

मी एबीएस बोलतोय. गाडीच्या बॉनेटखाली, ब्रेकच्या नळ्यांच्या गराड्यात बसलेला एक ठोकळा. करकचून ब्रेक दाबला की चाकं जखडतात आणि गाडी घसरत जाते. ती जखडू द्यायची नाहीत, एवढंच माझं काम.

कारखान्यात मला ताकद मिळाली, गोड गळा तेवढा मिळाला नाही. सकाळी गाडी निघाली की मी स्वतःला तपासून घेतो, तेव्हा 'टक्, घूं' होतं. जोराचा ब्रेक लागला की मी घरघरतो आणि पायाखालचं पेडल थरथरतं. त्याचा अर्थ एवढाच, की मी कामाला लागलोय.

पण हे आमच्या घरी सांगणार कोण? गाडी चालवायची सूनबाई, शेजारी बसायच्या सासूबाई. पेडल थरथरलं की सूनबाई घाबरून पाय उचलायची आणि माझे हात बांधले जायचे. गाडीला खोकला झालाय, असं सासूबाईंचं ठाम निदान होतं. त्यांचा मुलगा हौशी कारागीर. पंखा दुरुस्त करायला घेऊन दिवा घालवणारा. त्याने माझा फ्यूजच उपटायचं ठरवलं. माझं राहू दे, या दोघींचं काय?

त्याच दिवशी चाकांत हवा भरताना सूनबाईने गॅरेजवाल्याला विचारलं. आवाज होणारच, फक्त पाय उचलू नका, असं तो म्हणाला. सासूबाईंनी ते मनावर घेतलं.

परतताना उतारावर टँकरमधून पाणी सांडलेलं होतं आणि समोर एक सायकलवाला घसरून पडला. सूनबाईने ब्रेक दाबला. मी घरघरलो. तिचा पाय सवयीने सैल पडू लागला.

"उचलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "कुरकुरू दे त्याला."

तिने पाय रोवला, स्टिअरिंग वळवलं. गाडी सायकलवाल्याला वळसा घालून थांबली. तो गुडघे झटकत उठला. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

घरी मुलगा पकड घेऊन तयारच होता.

"ठेव ती जागेवर," सासूबाई म्हणाल्या. "काम करणारा जरा कुरकुरतोच. मी नाही का कुरकुरत?"

सूनबाईला हसू आवरेना.

आता माझं छान चाललंय. स्टिअरिंगसमोरचा माझा दिवा पेटून राहिला तर मला गॅरेजमध्ये जरूर दाखवा. नुसत्या आवाजाने मात्र घाबरू नका. रोज सकाळी माझं 'टक्' झालं की सासूबाई डॅशबोर्डवर हात ठेवून विचारतात, "उठलास का रे?"

मी आपला घूं करतो.